घासाघीस

आजचा विषय कांहींसा बाजारी वाटेल, परंतु तो प्रत्येक घराच्या उंबरठ्याशीं रोज येऊन उभा राहणारा आहे. विक्रेत्यानें किंमत सांगावी, गिऱ्हाइकानें ती ऐकून भुंवया उंचवाव्या, दोन पावलें पुढें जावें, आणि मागून हांक येतांच परत वळावें, हा खेळ आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांत विचार करण्यासारखें कांहीं आहे असें सहसा वाटत नाहीं.

पूर्वीं बहुतेक ठिकाणीं किंमत अशीच ठरत असे. मालाची प्रत एकसारखी नसे, पुरवठा बेभरंवशाचा असे, आणि दुसऱ्या बाजारांतला भाव कळण्याला साधन नसे. तेव्हां खरा भाव दोघांनीं मिळूनच शोधून काढावा लागे. आपल्याकडील गुरांच्या बाजारांत दलाल रुमालाखालीं हात घालून बोटांच्या खुणेनें सौदा करीत, तो या शोधाचाच एक प्रकार होय. भोंवतीं गर्दी असूनहि आंकडा दोघांनाच कळे.

या रीतीला नीतीच्या पायावर हरकत घेतली ती सतराव्या शतकांत इंग्लंडांतील जॉर्ज फॉक्स व त्याच्या क्वेकर पंथानें. जी किंमत घ्यावयाची नाहीं ती मागणें म्हणजे असत्य बोलणें, असें त्यांचें म्हणणें. पुढें हाच नियम त्यांच्या धंद्यालाहि फळला. कारण यांच्या दुकानीं लहान मूल पाठविलें तरी तें फसत नाहीं, असा लोकांचा विश्वास बसला. एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या दुकानानें मालावर किंमत लिहून ठेवण्याची प्रथा मोठ्या प्रमाणावर चालविली. जेथें विक्री पगारी नोकरांच्या हातून होते, तेथें प्रत्येक नोकराला भाव ठरविण्याची मुभा देऊन चालतच नाहीं.

लहान मुलाचा हा दाखला महत्त्वाचा आहे. घासाघिशींत किंमत मालाच्या गुणावर ठरत नाहीं, ती घेणाऱ्याच्या जिभेवर व चेहऱ्यावर ठरते. ईअन एअर्झ या अमेरिकन कायदेपंडितानें १९९१ सालीं शिकागोच्या परिसरांतील मोटारविक्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. गिऱ्हाइकांना एकाच पद्धतीनें बोलण्यास शिकवून पाठविलें असतांहि, गोऱ्या पुरुषांना मिळालेल्या किमती स्त्रियांना व कृष्णवर्णीयांना मिळालेल्या किमतींपेक्षां कमी निघाल्या. बोलक्याला वस्तु स्वस्त पडावी आणि भिडस्ताला महाग, हा न्याय म्हणतां येणार नाहीं.

मग छापील किंमत म्हणजे न्याय काय? आपल्या देशांत १९९० पासून बांधीव मालाच्या वेष्टनावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याचा नियम आहे. यांतील 'कमाल' शब्दाकडे आपण दुर्लक्ष करतों. त्याहून अधिक घेतां येत नाहीं. कमी घेण्यास कोणाचीच आडकांठी नाहीं. तरीहि तेथें आपण मुकाट्यानें पैसे मोजतों, आणि बाहेर पडून फुटपाथवरच्या भाजीवालीशीं मात्र आवाज चढवून बोलतों.

तिचा हिशेब पहा. समजा, तिनें मेथीच्या दहा जुड्या बारा रुपयांप्रमाणें आणल्या. म्हणजे १२० रुपये गुंतले. संध्याकाळपर्यंत दोन सुकल्या. उरलेल्या आठ वीस रुपयांप्रमाणें गेल्या, तर १६० रुपये येतात, आणि चाळिसांतून टेम्पोचें भाडें व हमाली जाते. आतां प्रत्येक गिऱ्हाइकानें पांच रुपये कमी करून पंधराला जुडी घेतली, तर येतात बरोबर १२० रुपये. पहांटेपासूनचे तिचे श्रम फुकट गेले, आणि भाडें पदरचें. आपल्याला पांच रुपयांचा विजय वाटतो. तिच्या घरीं त्या दिवशीं कांहींच जात नाहीं. भवानीचें गिऱ्हाईक परत पाठवूं नये या तिच्या समजुतीचा फायदा घेऊन भाव पाडणें तर अधिकच गैर.

विक्रेताहि नेहमींच निर्दोष असतो असें नाहीं. गिऱ्हाईक कमी करणारच म्हणून तो दुप्पट सांगतो, आणि तो दुप्पट सांगतो म्हणून गिऱ्हाईक निम्म्यानें मागतें. या चक्रांत भरडला जातो तो सरळ माणूस. यावर उपाय म्हणजे दोन-तीन ठिकाणीं भाव विचारावा, वजनाच्या कांट्याकडे लक्ष ठेवावें, आणि आपण मागितलेला भाव विक्रेत्यानें मान्य केल्यावर माघार घेऊं नये.

घासाघीस अवश्य करावी, पण जेथें रक्कम मोठी व समोरचा समर्थ असेल तेथें. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो, परंतु घडणावळ पेढीगणिक निराळी असते. ती किती लोक तोंड उघडून विचारतात? लांकडी सामान, घराची डागडुजी, लग्नाचा बस्ता, यांतहि तेंच. तेथें गप्प बसून मेथीच्या जुडीवर शौर्य गाजविण्याची संवय आपण सोडली, तर घरखर्चाची बचतहि अधिक होईल, आणि बरोबर आलेल्या मुलांना व्यवहाराचा धडाहि बरा मिळेल.