मांजर घराबाहेर काढायचं का?

आजचा भाग नेहमीसारखा कोड आणि करिअरचा नाही, घरातला आहे. आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो आणि बग शोधतो. पण मागच्या वर्षी एक बग माझ्याच घरात निघाला, आणि तो बऱ्यापैकी मीच घातलेला होता. त्याची ही गोष्ट.

आम्ही पुण्यात राहतो. आई, दादा, वहिनी, मी आणि भुरी. भुरी म्हणजे आमची मांजर. तीन वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये भिजलेली सापडली, मी वर आणली, ती राहिलीच. मागच्या वर्षी वहिनीला दिवस गेले. घरात पेढे वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, "त्या मांजरीला आधी कुठेतरी सोडून ये. पोटातल्या बाळाला धोका असतो." तिला कुणीतरी व्हॉट्सॲपवर काहीतरी पाठवलं होतं. मी भांडलो. "काहीतरीच काय आई, फॉरवर्ड आहे तो!" दादा गप्प होता. वहिनी हळूच म्हणाली, "अरे, पण खरं असलं तर?"

हा प्रश्न मला लागला. कारण मी न वाचताच भांडत होतो. मग बसलो आणि वाचलं.

तर, आई अगदीच चुकीची नव्हती. त्या परजीवीचं नाव टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय. १९०८ साली ट्युनिसमध्ये निकोल आणि मान्सो यांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. पण तो पसरतो कसा, हे कोडं सुटायला साठ वर्षं लागली. १९७०च्या सुमारास कळलं की मार्जारकुळातल्या प्राण्यांच्याच आतड्यात त्याची अंड्यासारखी बीजं, म्हणजे ऊसिस्ट, तयार होतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. हे शोधणाऱ्यांमध्ये जितेंद्र दुबे हे भारतात जन्मलेले पशुवैद्यकीय शास्त्रज्ञ होते.

आता इथे बारकावा आहे, आणि सगळा फरक तिथेच पडतो. मांजर आयुष्यभर ऊसिस्ट टाकत नाही. पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे टाकते, मग बहुतेक वेळा थांबते. शिवाय ताज्या विष्ठेतले ऊसिस्ट लगेच लागण करत नाहीत. त्यांना बाहेर पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोजच्या रोज साफ केला तर साखळी तिथेच तुटते. कुरवाळण्यातून लागण होण्याची शक्यता फारच कमी. खरा प्रश्न विष्ठेचा आहे.

वहिनीच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी रक्ततपासणी सांगितली, आयजीजी. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि मी जवळजवळ नाचलोच. डॉक्टर म्हणाल्या, "थांबा. निगेटिव्ह म्हणजे यांना आधी कधी लागण झालेली नाही, म्हणजे संरक्षणही नाही. आता यांनाच जपायचं." मी उलटं समजलो होतो. गरोदरपणाच्या आधीच लागण होऊन गेली असेल तर बाळाला सहसा धोका नसतो. गरोदरपणात पहिल्यांदा झाली तर ती बाळापर्यंत पोहोचू शकते. सुरुवातीच्या महिन्यांत पोहोचण्याची शक्यता कमी, पण पोहोचली तर इजा जास्त, डोळ्यांना, मेंदूला. शेवटच्या महिन्यांत याच्या उलट.

मग डॉक्टरांनी विचारलं, "मटण खाता? नीट शिजवता? कोशिंबिरीच्या भाज्या धुता? बागकाम करता?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. कारण मांजर हा एक रस्ता झाला. अर्धकच्चं मांस, न धुतलेली भाजी आणि माती हे बाकीचे. मातीत हे ऊसिस्ट महिनोन्महिने टिकतात. आणि आमच्या सोसायटीत खालच्या कुंड्यांमध्ये अख्ख्या गल्लीतल्या मांजरी उकरतात. वहिनीनं गेल्याच आठवड्यात तिथलीच माती आणून उघड्या हातांनी तुळस लावली होती. भुरीला सोडून आलो असतो, तरी ती माती तिथेच राहिली असती.

आता माझी कबुली. मी भुरीला रविवारी चिकनवाल्याकडचे कच्चे तुकडे द्यायचो. कौतुकानं. कच्च्या मांसातून मांजरीला लागण होऊ शकते, हे माहीतच नव्हतं. आणि जंताचं औषध? आठवून बघितलं, वर्ष उलटून गेलं होतं. तिच्या शीचा नमुना व्हेटकडे नेला, तर गोलकृमींची अंडी निघाली. टॉक्सोकारा. नाव सारखं वाटतं, पण प्रकरण वेगळं.

टॉक्सोकारा कुत्र्यांत आणि मांजरांत दोन्हीकडे असतो. कुत्रीच्या पिल्लांना तर तो जन्माआधीच आईकडून मिळतो. म्हणून पिल्लांना दोन आठवड्यांपासून औषध सुरू करतात. त्याची अंडी मातीत दोन-चार आठवड्यांनी पिकतात, आणि माती चिवडून तोंडात हात घालतं कोण? लहान मूल. माणसाच्या पोटात हा जंत मोठा होत नाही. अळ्याच शरीरभर फिरतात, यकृतात, फुप्फुसात, कधी डोळ्यात, आणि डोळ्यात गेल्या तर नजर जाऊ शकते. मोठा जंतच होत नाही, म्हणून मुलाची शी तपासून हे कळत नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर एरर आहे, पण लॉगमध्ये दिसतच नाही.

आणि हो, गोव्याला अनवाणी फिरून आल्यावर पायावर नागमोडी, खाजणारी लाल रेघ उठली, तर ती कुत्र्या-मांजरांच्या अंकुशकृमीची अळी असू शकते. डॉक्टरांना दाखवा, औषधानं बरी होते.

त्या रात्री मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चूक भुरीची नाही, माझी आहे." आई म्हणाली, "मग सुधार." एवढंच.

मग हे केलं. ट्रे रोज सकाळी ऑफिसच्या आधी मी साफ करायचा, वहिनीनं हातच लावायचा नाही. भुरीला कच्चं मांस बंद, बाहेर जाणं बंद. व्हेटनं दिलेलं औषध, आणि पुढे दर तीन महिन्यांनी. मोबाईलवर रिमाइंडर आहे. मातीचं काम आईकडे, हातमोजे घालून. भाज्या भरपूर पाण्यात धुवायच्या, मटण पूर्ण शिजवायचं, आणि फोडणीवर परतताना तुकडा उचलून चाखायची दादाची सवय वहिनीनं उचलायची नाही. पुढच्या महिन्यांत डॉक्टरांनी तपासणी पुन्हा केली. निगेटिव्हच राहिली.

पुतणी आता सात महिन्यांची आहे. पोटावर सरकते आणि सापडेल ते तोंडात घालते. त्यामुळे काम संपलेलं नाही. ट्रे बाल्कनीत दाराआड गेलाय आणि फरशी दोनदा पुसली जाते. परवा आई भुरीला सांगत होती, "तुझा दादा विसरला तर मला सांग हो, औषधाची तारीख जवळ आली."

तर मंडळी, तुमच्या घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर आज एकच करा. शेवटचं जंताचं औषध कधी दिलं, ते आठवा. आठवत नसेल तर तेच उत्तर आहे, उद्या व्हेटला फोन करा. आणि घरात कुणी गरोदर असेल तर प्राण्याला सोडून यायच्या आधी डॉक्टरांशी बोला. भेटू पुढच्या भागात.