पोट भरतं, अंगी काय लागतं?

पावसाळ्यात वसई-विरारच्या बाजारात टोपली पुढ्यात घेऊन बसलेल्या आदिवासी बाया दिसतात. पहिल्या सरींबरोबर शेवळं, ती खाजू नयेत म्हणून सोबत काकडं. मग टाकळा, कुर्डू, करटोली, अळिंब. गिऱ्हाईक घासाघीस करून वाटा घेतं आणि रानभाज्यांचं कौतुक करत घरी जातं. विकणारीच्या घरी त्या पैशांतून जातात तांदूळ, तेल, मीठ, चहापत्ती.

अन्नाची टंचाई म्हणजे रिकामी चूल, असं आपण धरून चालतो. चूल बहुधा पेटलेली असते. ताटातून आधी फळं जातात, मग अंडी-मासळी, मग डाळ. भात शेवटपर्यंत टिकतो. बाईच्या आहाराला जागतिक अन्न व कृषी संघटनेची मोजपट्टी साधी आहे: अन्नाचे दहा गट, त्यांपैकी दिवसभरात किमान पाच पोटात जायला हवेत. भात, मिरचीची चटणी, चिमूटभर सुकट आणि वर कोरा चहा, यात दोन गटसुद्धा धड भरत नाहीत. उलट जेवणालगतचा चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, पुरुष 25 टक्के. महाराष्ट्रात स्त्रियांचा आकडा 54. पाळी आणि बाळंतपण हे याचं एक कारण. सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाशी उरेल ते खाणं, हे दुसरं.

दिवाळी सरली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडची कुटुंबं वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. उचल आधीच अंगावर असते. आठवड्याला हाती येते ती खर्ची. तीही किराण्यात संपते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख केलं, हे चांगलंच झालं. आता त्या कार्डावरचं धान्य दुसऱ्या गावीही उचलता येतं. पण रोजगार बुडवून दुकान गाठलं, अंगठाही जुळला, तरी पिशवीत पडतं ते तांदूळ आणि गहू.

2015 साली राज्यानं आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना आणली. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचं गरम जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. यातली खरी हुशारी ताटात नाही, ते तिथंच बसून खायचं यात आहे.

मात्र भट्टीवर गेलेल्या बाईचं नाव गावच्या अंगणवाडीत राहतं आणि ती इकडे विटा वाहते. शिवाय योजना आदिवासी भागापुरती, आणि वसई तालुक्यातली काहीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. नालासोपाऱ्याची चाळ त्यात नाही. तिथल्या गरोदर बाईला अंगणवाडीतून मिळतो तो घरी न्यायचा शिधा, आणि तो चुलीवर चढला की वाटेकरी सगळं घर असतं.