रुग्णाच्या उशाशी प्रार्थना

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या धर्मसेवकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक अहवालात खाटांची, शस्त्रक्रियांची आणि देणग्यांची नोंद असते, व ती असावयासच हवी. परंतु अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर रात्र काढणाऱ्या मुलामुलींच्या मनातील एका प्रश्नाची नोंद कोठेही होत नाही. डॉक्टरांनी फारशी आशा नसल्याचे सांगितल्यावर ते हळूच विचारतात, "आता आईसाठी देवाजवळ काय मागावे?" बरे कर म्हणावे, तर ते खोटे वाटते. सोडव म्हणावे, तर आपणच आईचे मरण मागितले असे वाटून मन खाते. या प्रश्नाविषयी ख्रिस्ती प्रार्थनेच्या परंपरेतून चार शब्द बोलावेत, अशी माझी इच्छा आहे. आपणांपैकी अनेकजण अन्य धर्मांचे आहात. आपणांस जे उपयोगी वाटेल ते स्वीकारावे.

औषधोपचार आणि प्रार्थना यांचा शेजार नागपूरला नवा नाही. स्कॉटलंडच्या मिशनने 1896 मध्ये येथे स्त्रियांसाठी म्यूर मेमोरियल हॉस्पिटल उभारले, तेव्हापासून या शहराने दोन्ही एका छपराखाली पाहिली आहेत. तरीही, औषधावर भर दिला तर श्रद्धा कमी पडते काय, अशी शंका काही कुटुंबांना येते. यशयाच्या ग्रंथातील हिज्कीया राजाची कथा या शंकेचे उत्तर देते. मरणासन्न झालेल्या राजाने भिंतीकडे तोंड करून अश्रू ढाळीत प्रार्थना केली व ती ऐकली गेली. परंतु त्याच कथेत त्याच्या गळवावर अंजिराचे पोटीस बांधण्यासही सांगितले आहे. प्रार्थना ऐकली गेली म्हणून औषध वगळले गेले नाही.

हेच वेदनाशामक औषधांनाही लागू आहे. परिचारिका, समाजसेविका व नंतर डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. त्या स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होत्या. रुग्णाची वेदना शरीराची, मनाची, कुटुंबाची व आत्म्याचीही असते, आणि या सर्वांची दखल एकत्र घ्यावी लागते, अशी त्यांची शिकवण होती. मुंबईत 1986 मध्ये शांती अवेदना सदन सुरू झाले व भारतात या सेवेचा पाया घातला गेला. म्हणून डॉक्टरांनी मॉर्फिन सुचविले, तर ‘आता सारे संपले’ असा अर्थ घेऊ नये. दुःखाने तळमळणाऱ्या माणसाला प्रार्थनेचे शब्दही नीट ऐकू येत नाहीत. वेदना शमली की तो मुलांशी बोलू शकतो आणि देवाशीही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने केलेली प्रार्थना दुपदरी आहे. हे दुःख माझ्यापासून टळावे, हे त्याने स्पष्टपणे मागितले आणि त्याच दमात पित्याच्या इच्छेवर स्वतःला सोपविले. मागणे अविश्वास ठरले नाही, सोपविणे हार ठरली नाही. म्हणून, आईसाठी काय मागावे असे ज्यांनी विचारले, त्यांना मी सांगतो की दोन्ही मागावे. तिला बरे कर, असे निःसंकोच म्हणावे. आणि तसे होणार नसेल तर तिला वेदना, भय व एकाकीपणा यांतून जपून ने, असेही म्हणावे. दुसरे वाक्य उच्चारल्याने पहिले पुसले जात नाही.

मात्र एका गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. बहुतेक घरांत प्रार्थना दाराबाहेर होते आणि आत रुग्णाशी ‘काही नाही, चार दिवसांत घरी जाऊ’ असे बोलले जाते. बाबांना कळू देऊ नका, अशी मुले विनवणी करतात. त्यामागे प्रेमच असते. पण बाबांना बहुधा कळलेले असते, आणि मुलांना त्रास नको म्हणून तेही गप्प राहतात. मग एकाच खोलीत दोघेही एकटे पडतात. पाळकसाहेब किंवा फादर आले तर रुग्ण घाबरेल, म्हणून त्यांना अगदी शेवटच्या घटकेला बोलाविले जाते. वास्तविक याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने स्वतःच मंडळीच्या वडिलांना बोलवावे, असे सांगितले आहे. कॅथलिक चर्चनेही द्वितीय व्हॅटिकन परिषदेत, 1963 मध्ये, आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हा केवळ मरणघटकेचा संस्कार नाही, हे स्पष्ट केले.

उत्पत्तीच्या पुस्तकात वृद्ध याकोब आजारी असल्याचा निरोप योसेफाला मिळतो. तो आपल्या दोन्ही मुलांना घेऊन पित्याकडे जातो. म्हातारा बळ एकवटून खाटेवर उठून बसतो, नातवांना जवळ घेतो, आशीर्वाद देतो आणि आपल्याला कोठे पुरावे हेही सांगतो. येथे मुले पित्यासाठी काही करण्याआधी पिताच मुलांना काही देतो. आपण सत्य लपवितो तेव्हा आई-वडिलांचा हा आशीर्वाद देण्याचा अधिकार नकळत काढून घेतो.

काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने राहिलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे स्मरण येथे उचित होईल. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ख्रिस्ती समाजात दफनाची रीत असतानाही त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. इच्छा बोलून ठेवलेली असली, म्हणजे मागे राहिलेल्यांना अंदाज करीत बसावे लागत नाही. टिळकांनी मराठी मंडळीला ओवी-अभंगाच्या वळणाची भजनेही दिली. आजारी आईला नव्या, जड शब्दांपेक्षा तिच्या ओठांवरचे जुने भजन अधिक आधार देते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

म्हणून काही साध्या सूचना करतो. प्रार्थनेपूर्वी रुग्णाला विचारावे आणि तो नको म्हणाला तर शांतपणे हात धरून बसावे. प्रार्थना लहान असावी व रुग्णाला ‘आमेन’ म्हणता येईल अशी असावी. तो बोलत नसला तरी त्याला काही ऐकू येत नाही असे समजून त्याच्यादेखत खर्चाच्या वा वाटणीच्या गोष्टी काढू नयेत. क्षमा मागावयाची असेल तर आजच मागावी. वधस्तंभावरून प्रभूने आपल्या आईची जबाबदारी शिष्याकडे सोपविली, हेही ध्यानात ठेवावे. रात्री कोण थांबेल, जागून थकलेल्या सुनेला विश्रांती कोण देईल, हे भावंडांनी मिळून ठरविणे हाही प्रार्थनेचाच भाग आहे.

आणि आई किंवा वडील गेले, तर आपला विश्वास कमी पडला असे कोणी स्वतःला म्हणू नये व इतरांनाही म्हणू देऊ नये. लाजराच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला. अश्रू हे श्रद्धेच्या विरुद्ध नाहीत.

विश्वस्त व देणगीदारांना माझी एकच विनंती आहे. यंत्रसामग्रीबरोबरच, दार लावून कुटुंबाला निवांत बोलता यावे, रडता यावे, प्रार्थना करता यावी, अशा एका शांत खोलीचाही विचार व्हावा. तिला फार खर्च येणार नाही.

हे दयाळू पित्या, ज्यांचे आई-वडील आज या वॉर्डांत आहेत त्यांना खरे बोलण्याचे धैर्य दे आणि ऐकण्याची शांती दे. डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या हातांना यश दे. आणि जेथे आमचे हात थांबतात, तेथे तू थांबू नकोस. आमेन.