रेघ कोणी ओढायची?

(गोदी कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मुख्य भाग)



धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या बाजूवर एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ आपण रोज पाहता. त्या रेघेला सॅम्युअल प्लिम्सॉल या कोळशाच्या व्यापाऱ्याचे नाव आहे. व्यापारी संसदेत गेला की आपल्या वर्गाचेच हित पाहतो, हा आपला अनुभव. प्लिम्सॉल त्याला अपवाद होता.

त्याचा जन्म १८२४ चा, ब्रिस्टलचा. लंडनमध्ये काढलेला धंदा बुडाला आणि आठवड्याला आठ शिलिंगांहूनही कमी पैशांत, मजुरांच्या स्वस्त निवाऱ्यात त्याला दिवस कंठावे लागले. गरीब माणसे एकमेकांना कशी सावरतात हे त्याने तेथे पाहिले. पुढे धंद्यात जम बसला आणि १८६८ साली तो डर्बीहून लिबरल पक्षातर्फे निवडून आला.

त्या काळी कुजकी जहाजे वाटेल तितका माल भरून समुद्रात लोटली जात. विमा भरभक्कम असे. जहाज पोहोचले तर भाडे, बुडाले तर विमा. मालकाला तोटा कोठेच नाही! करारावर सही केलेल्या खलाशाने चढण्यास नकार दिला, तर मात्र त्याला तुरुंग. प्लिम्सॉलने १८७३ मध्ये यावर पुस्तक लिहिले आणि बदनामीचे खटले ओढवून घेतले. (भाररेषेची मागणी त्याच्याआधी जेम्स हॉल या जहाजमालकानेच केली होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.) २२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरायलींनी जहाजविषयक विधेयक गुंडाळले, तेव्हा प्लिम्सॉलने भर सभागृहात मूठ उगारली. त्याला माफी मागावी लागली. पण देश खवळला आणि १८७६ मध्ये कायदा झाला.

कायदा झाला की गुलाल उधळणाऱ्या आपण सर्वांनी येथे क्षणभर थांबावे. रेघ सक्तीची झाली, परंतु ती कोठे ओढायची हे ठरवण्याचा अधिकार मालकाकडेच राहिला! कार्डिफच्या एका कप्तानाने ती चक्क धुराड्यावर रंगवली, असे सांगतात. ही पळवाट बुजण्यास १८९० साल उजाडले. तोवर प्लिम्सॉल संसदेबाहेर पडून खलाशांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला होता. १८९८ साली तो वारला. पुढे १९०६ मध्ये, लॉइड जॉर्ज व्यापारमंत्री असताना, जहाजे पूर्वीपेक्षा खोल भरण्याची मुभा मालकांना पुन्हा मिळाली.