सावली, आई आणि विश्वास



आचार्य विनोबा भावे यांच्या बालपणीचा एक प्रसंग आहे. रात्रीच्या वेळी भिंतीवर एक भलीमोठी सावली पाहून छोटा विन्या घाबरला आणि धावत आईकडे गेला. रुक्मिणीबाईंनी त्याची थट्टा केली नाही की 'तिथे काहीच नाही' असे म्हणून त्याला गप्पही केले नाही. त्यांनी त्याला समजावले की तो तर तुझा गुलाम आहे. तू उभा राहिलास की तो उभा राहील, तू बसलास की तोही बसेल. विन्याने उठून-बसून पाहिले. सावली खरोखरच त्याचे ऐकू लागली आणि भीती पळाली. विनोबांनी पुढे स्वतःच ही आठवण सांगून ठेवली आहे.

गागोद्याचा हा मुलगा १९२१ साली वर्ध्याला आला. १९३८ पासून धाम नदीच्या काठावरील पवनार ही त्यांची कर्मभूमी झाली आणि १९८२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या निर्भयतेचे आपण सारे कौतुक करतो. परंतु त्या निर्भयतेचे बीज कोठे पडले, याचा विचार फारसा होत नाही.

त्या आईने नेमके काय केले? पहिली गोष्ट म्हणजे मुलाची भीती खरी मानली. मोठ्यांच्या दृष्टीने कारण क्षुल्लक असेल, पण मुलाच्या छातीतील धडधड क्षुल्लक नसते. दुसरी गोष्ट, तिने खोटे काही सांगितले नाही. आणि तिसरी गोष्ट, तिने मुलाला स्वतः पडताळून पाहायला लावले. आईचा शब्द खरा ठरला, हा अनुभव त्याला मिळाला. विश्वास उपदेशाने येत नाही. शब्द आणि अनुभव यांचा मेळ पुन्हा पुन्हा बसला की तो आपोआप रुजतो.

आता आपल्या घरांकडे वळून पाहू. मूल जेवत नाही, तेव्हा 'बागुलबुवा येईल' असे आपण सांगतो. ते रडले, तर 'पोलीस पकडून नेतील' ही धमकी असते. आईला बाहेर जायचे असेल, तर आजी मुलाला चिमण्या दाखवायला मागच्या अंगणात नेते आणि आई पुढच्या दाराने निघून जाते. रडणे टळले, म्हणून घर सुटकेचा निःश्वास टाकते. पण मुलाच्या मनात काय नोंदले जाते? आई कोणत्याही क्षणी, न सांगता नाहीशी होऊ शकते! मग ते मूल पदर सोडत नाही आणि आपण त्यालाच हट्टी ठरवतो. त्यापेक्षा त्याला सांगून निघावे, दोन अश्रू गळू द्यावेत आणि सांगितल्या वेळी परत यावे. परत येण्यानेच जाणे सुसह्य होते.

पाश्चात्त्य मानसशास्त्रानेही या विषयाचा कसून शोध घेतला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बेघर झालेल्या मुलांविषयी इंग्लंडचे डॉ. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. तो १९५१ साली प्रसिद्ध झाला. अन्न आणि निवारा मिळूनही मायेचे, सातत्याचे माणूस नसेल तर मूल कोमेजते, हे त्यांनी जगापुढे मांडले. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आफ्रिकेतील युगांडात घराघरांत जाऊन माता आणि बालके यांचे निरीक्षण केले. ज्या मुलाला आईचा भरवसा असतो, तेच तिच्यापासून दूर जाऊन निर्धास्तपणे खेळते, असे त्यांना आढळले. अंगणात खेळणारे मूल मधूनच मागे वळून ओट्यावरच्या आईकडे पाहते आणि पुन्हा खेळात रमते. त्या एका कटाक्षात हे सारे शास्त्र सामावलेले आहे. जवळ घेतल्याने मूल परावलंबी होते, हा समज म्हणूनच खरा नाही.

अमेरिकेतील एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी हसतखेळत बोलणाऱ्या आईने काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते; प्रतिसाद मिळत नाही तेव्हा कासावीस होते आणि शेवटी तोंड फिरवते. आज हा प्रयोग करण्यासाठी प्रयोगशाळेची गरज उरलेली नाही. हातातील मोबाईलमध्ये डोळे खुपसून बसलेल्या आई-वडिलांसमोर बाळ रोज हाच अनुभव घेत असते. मात्र ट्रॉनिक यांचे आणखी एक निरीक्षण धीर देणारे आहे. आई आणि बाळाचे सूर प्रत्येक क्षणी जुळलेले नसतातच. ते तुटतात आणि पुन्हा जुळतात. महत्त्व असते ते पुन्हा जुळण्याला. आपण विनाकारण रागावलो, तर मुलाला जवळ घेऊन 'माझे चुकले' असे म्हणावे. त्याने पालकाचा मान कमी होत नाही.

वर्ध्याच्या भूमीला हा विचार नवा नाही. १९३७ साली येथेच शिक्षण परिषद भरली आणि 'नई तालीम'चा पाया घातला गेला. सेवाग्राममध्ये आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने ते कार्य उभे केले. पुढे शाळेपूर्वीच्या वयाच्या बालकांसाठी 'पूर्व बुनियादी' शिक्षणाचा विचार त्यात आला आणि बालकाचे शिक्षण आई-वडिलांच्या शिक्षणापासून सुरू होते, ही दृष्टी त्यामागे होती. अलीकडच्या काळात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने शासन आणि युनिसेफ यांच्यासह 'आरंभ' उपक्रमासाठी काम केले. त्यातून अंगणवाडी सेविका तान्ह्या बाळाशी बोलण्या-खेळण्याचे महत्त्व पालकांना पटवून देतात. पोषण आहाराइतकाच प्रतिसादही आवश्यक आहे, ही जाणीव त्यामागे आहे.

परंतु याच भूमीची एक वेदनाही आहे. २००६ साली केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कापसाचे पीक बुडाले आणि कर्ज थकले की घरातील माणसे बोलेनाशी होतात. चार वर्षांच्या मुलाला व्याजाचा दर समजत नाही, पण बापाचा उतरलेला चेहरा समजतो. 'माझेच काही चुकले असेल' असा अर्थ ते काढते. 'बाबांना काळजी आहे, पण ती तुझ्यामुळे नाही', एवढे एक वाक्य त्याच्या डोक्यावरचा केवढा भार उतरवते!

आणि दुर्दैवाने बापच गेला, तर? आपल्याकडे मुलाला सांगितले जाते, 'बाबा गावाला गेले.' यामागे माया असते, यात शंका नाही. पण ते मूल दाराशी बसून वाट पाहते. उद्या आई खरोखरच गावाला निघाली, तर ते जिवाच्या आकांताने रडते, कारण गावाला गेलेली माणसे परत येत नाहीत, हे ते आपल्याकडूनच शिकलेले असते. म्हणून त्याला समजेल अशा थोड्या शब्दांत, मांडीवर घेऊन खरे सांगावे. बाबा वारले, ते परत येणार नाहीत, मी आणि आजी तुझ्याजवळ आहोत. ते पुन्हा पुन्हा विचारील. पुन्हा पुन्हा तेच उत्तर शांतपणे द्यावे. हे काम एकट्या विधवा मातेवर टाकून चालणार नाही. आजी-आजोबा, काका-मामा, शेजारी, अंगणवाडीच्या ताई या साऱ्यांनी तिच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. एकत्र कुटुंबाचे आपण गोडवे गातो. त्याची खरी कसोटी अशा घरी लागते.

संस्कार म्हटले की आपल्याला सायंकाळची शुभंकरोती आणि पाठ केलेले श्लोक आठवतात. ते हवेतच. पण ज्याच्या तोंडून ते ऐकायचे त्या माणसावर मुलाचा विश्वास नसेल, तर ते केवळ पाठांतर उरते. संस्कारांचे रोप ज्या मातीत वाढते, ती माती विश्वासाची आहे.

रुक्मिणीबाईंनी पुढे एकदा मुलाकडे सोप्या मराठीतील गीता मागितली. मिळालेला अनुवाद त्यांना जड वाटला, तेव्हा तूच का करीत नाहीस, असे त्यांनी त्यालाच सुचवले. १९१८ साली त्या गेल्या. १९३०-३१ मध्ये विनोबांनी 'गीताई' लिहिली, तेव्हा ती वाचायला आई नव्हती. पण तिने टाकलेला विश्वास सोबत होता. लहानपणी ज्याला आईच्या शब्दाचा आधार मिळतो, तो मोठेपणी आपल्या शब्दाने इतरांना आधार देतो.

आज रात्री घरातील एखादे लेकरू अंधाराला भिऊन आपल्याकडे धावत येईल. त्या वेळी हातातले काम क्षणभर बाजूला ठेवावे, त्याचा हात धरावा आणि त्याच्याबरोबर ती सावली पाहायला जावे.