शिकार नको, बूट हवेत

दादरा-नगर हवेलीतल्या डोकमर्डीहून दमणगंगा ओलांडून खानवेल, दुधनीकडे निघालं की रान सुरू होतं. इथं आता शिकारीला कुणी जात नाही, जाऊही नये. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिच्यावर बंदी आहे. पण शिकाऱ्याला लागायचे तसे बूट वनरक्षकाला, पक्षी बघणाऱ्याला आजही लागतातच.

बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे फुगतात. सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी चावतो. रानात घालायचे तेच मोजे घालून बघा. उतारावर अंगठा पुढे आपटता कामा नये, टाचही उचलली जाऊ नये. घोटा झाकणारा बूट घ्या. घोणस, फुरसं यांचा दंश बहुधा पायालाच होतो. जाड चामडं धोका कमी करतं, पण तेवढ्यावर विसंबून गवतात पाय टाकू नका.

तळव्याचं म्हणाल, तर फक्त चिकटवलेल्यापेक्षा शिवलेला रबरी तळवा बरा. हलका, फोमसारखा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) तळवा आपल्या दमट हवेत कपाटात पडून पडूनही भुसभुशीत होतो आणि ऐन चढावर सुटतो. दुकानदार हे सांगत नाही!

ओले बूट चुलीजवळ ठेवू नका, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सावलीत वाळवा. आणि सकाळी पाय घालण्याआधी बूट उलटा करून झटका; विंचवालाही ती जागा आवडते.