कलावंत आणि शिक्षक : के. जी. सुब्रमण्यन्

चित्रकारानें शिक्षकाची नोकरी पत्करली कीं त्याच्या कलेला ओहोटी लागते, असा समज सुशिक्षित कुटुंबांतूनही आढळतो. शिकवणें पोटासाठीं आणि चित्रें काढणें जिवाच्या समाधानासाठीं, अशी वांटणी करून लोक मोकळे होतात. के. जी. सुब्रमण्यन् यांचें चरित्र पाहिलें म्हणजे ही वांटणी टिकत नाहीं.

त्यांचा जन्म १९२४ सालीं केरळांतील कूथुपरंब येथें झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत ते अर्थशास्त्र शिकत होते. १९४२ च्या चळवळींत त्यांना तुरुंगवास घडला आणि सरकारी कॉलेजांचीं दारें बंद झालीं. एका तरुणाचा मार्ग तेथेंच खुंटावयाचा. परंतु १९४४ सालीं ते शांतिनिकेतनच्या कलाभवनांत दाखल झाले. नंदलाल बोस, विनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज असे तीन गुरु त्यांना एकाच ठिकाणीं लाभले. भिंत रंगविणें, अंगणांत आल्पना काढणें, माती मळणें, यांत तेथें उच्चनीचभाव नव्हता. हीच शिदोरी घेऊन ते १९५१ सालीं बडोद्यास आले. सयाजीराव महाराजांचें नांव धारण करणाऱ्या तेथील विद्यापीठांत ललितकलांची शाखा नुकतीच सुरू झाली होती, आणि नारायण श्रीधर बेंद्रे तेथें चित्रकला शिकवीत होते.

निरनिराळीं माध्यमें हाताळणारे कलावंत आज पुष्कळ आहेत. सुब्रमण्यन् यांचें वैशिष्ट्य असें कीं, नवलाईसाठीं त्यांनीं माध्यम बदललें नाहीं. प्रत्येक पदार्थाला स्वतःचें व्याकरण असतें, आणि तें हातानेंच शिकावें लागतें, अशी त्यांच्या कामाची रीत दिसते. लखनौच्या रवींद्रालयावर १९६३ सालीं त्यांनीं रवींद्रनाथांच्या 'राजा' नाटकावर भव्य भित्तिशिल्प रचलें, तें भाजलेल्या मातीच्या लहान लहान तुकड्यांची जुळणी करून. पुढें १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या सुमारास तीच माती त्यांच्या हातीं निराळें बोलूं लागली. कणकेसारखी लाटलेली, दुमडलेली, चिमटलेली माती. तींतून छातीवर बिल्ले मिरविणारे सेनापति आणि छिन्नविच्छिन्न देह उमटले. मातीचा मऊपणा येथें मांसाचा मऊपणा झाला, म्हणून तीं शिल्पें पाहणाऱ्याच्या काळजाला झोंबतात.

कांचेच्या उलट बाजूनें रंगविण्याची जुनी लोकरीतीही त्यांनीं आपलीशी केली. कॅनव्हासवर चूक झाली तर वरून रंग देतां येतो; कांचेवर सर्व क्रमच उलटा असतो. डोळ्याचें बुबुळ आधीं, चेहऱ्याचा रंग मागाहून आणि पार्श्वभूमि सर्वांत शेवटीं. जें शेवटीं दिसावयाचें तें प्रथम मनांत पक्कें असावें लागतें.

१९५९ ते १९६१ या काळांत अखिल भारतीय हातमाग मंडळांत त्यांनीं काम केलें. विणकर आणि कुंभार हे त्यांच्या दृष्टीनें अडाणी मजूर नव्हते; ते एका जिवंत परंपरेचे जाणकार होते. बडोद्यास १९६१ पासून कलाशाखेचा मेळा भरूं लागला, त्यांत विद्यार्थी व शिक्षक स्वतः केलेल्या वस्तु विकूं लागले. लांकूड, कातडें आणि मणी जोडून सुब्रमण्यन् यांनीं त्यासाठीं खेळणीं बनविलीं. प्राध्यापकाला खेळणें करतांना पाहणें, हाच विद्यार्थ्यांना एक धडा होता.

अशा शिक्षणाची खरी परीक्षा शिष्यांवरून होते. विनोदबिहारींची कन्या मृणालिनी मुखर्जी बडोद्यास त्यांच्या हाताखालीं शिकली. तिनें आरंभीं गुरूची माती उचलली नाहीं, कीं कांचही उचलली नाहीं. तागासारख्या धाग्यांना गांठी मारून तिनें माणसाहून मोठ्या मूर्ति उभ्या केल्या. शिष्य गुरूची नक्कल करूं लागला तर शिक्षण फसलें असें समजावें. त्यानें आपला पदार्थ आपण शोधला तर तें फळास आलें.

१९८० सालीं ते प्राध्यापक म्हणून शांतिनिकेतनास परतले आणि १९८९ सालीं निवृत्त झाले. हात मात्र निवृत्त झाले नाहींत. कलाभवनाच्या एका इमारतीच्या बाहेरच्या भिंती त्यांनीं काळ्यापांढऱ्या चित्रांनीं भरून टाकल्या, आणि ऐंशी वर्षें ओलांडल्यावर तेंच काम पुन्हां हातीं घेतलें. २०१२ सालीं त्यांना पद्मविभूषण हा बहुमान मिळाला. २९ जून २०१६ रोजीं बडोद्यास त्यांचें निधन झालें.

श्रोतेहो, आपल्या घरांतील मूल अभ्यास सोडून मातीचा बैल करूं लागलें, तर त्याच्या हातांतून माती हिसकावून घेण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. त्या वेळीं तें कांहींतरी शिकतच असतें.